शिंप्याचे हात

आत्ता तुमच्या अंगावर जे कपडे आहेत ते ज्याने शिवले, त्याचा चेहरा तुम्हाला आठवतो का?

नसेल आठवत. मलाही माझ्या शिंप्याचा आठवत नाही. पण दुसऱ्या एका शिंप्याचा चेहरा मला इतका पाठ आहे की त्याच्या डाव्या भुवईखालची सावली कुठे संपते ते मी डोळे मिटून बोटाने दाखवीन. तो इटलीतला, काही शतकांपूर्वीचा. त्या काळात तिकडे चित्रकारापुढे बसायचे ते सरदार, सरदारणी आणि धर्मगुरू. आणि एका चित्रकाराने, तोही मोठ्या शहरातला नव्हे, आडगावचा, चक्क एका शिंप्याला समोर उभं केलं. पुढ्यात टेबल, टेबलावर काळं कापड, कापडावर खडूची खूण, हातात कात्री. शिंपी कापता कापता थांबलाय आणि मान किंचित कलती करून वर बघतोय. दुकानात गिऱ्हाईक आलंय, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

हे चित्र मी रत्नागिरीत बसून तैलरंगात जसंच्या तसं उतरवलं. ते का उतरवलं, आणि त्याच्यामुळे आमच्या मासळीबाजारात काय झालं, ते सांगायला बसले आहे.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा दिवसा गॅरेजात फिटर आणि संध्याकाळी पत्रकवाले. पाण्याची लाइन, बंदरावरचा बर्फ, कंत्राटी कामगारांचा पगार, गावात न येणारी एसटी, ज्याला ज्याला ओरडायचं असेल त्याचं पत्रक बाबा लिहून द्यायचे. आमच्याकडे पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि पाहुणा आला की ते गठ्ठे बाहेर ओढून वर सतरंजी टाकून त्याला बसवत. मी वाचायला शिकले तेव्हा पहिला जोडाक्षरी शब्द वाचला तो 'मागण्या'. तिसरीत असताना बाईंना रजेचा अर्ज लिहिला, त्याचा शेवट 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असा होता. बाईंनी रजा दिली.

पुढे हात बरा आहे म्हणून बॅनर माझ्याकडे आले. लाल पार्श्वभूमी, काळ्या जाड रेषेतला चेहरा, उघडं तोंड, वळलेली मूठ. माझ्या बॅनरवरच्या सगळ्या बायका एकसारख्या दिसत. मला त्यात कधी काही खटकलं नाही. मला ते एकजुटीचं लक्षण वाटे.

आता बाजाराचं. आमच्या खाडीकाठचा मासळीबाजार पूर्वी रस्त्यावर भरायचा. बायका उन्हात पाट्या मांडून बसत आणि अधूनमधून नगरपालिकेची गाडी येऊन पाट्या उचलून नेई. एकदा अशी गाडी आली तेव्हा एक बाई उठलीच नाही. तिने गाडीच्या चाकापुढे पाय पसरले आणि हातातला बांगडा साफ करत राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर ती म्हणे त्याला विचारती झाली, किती देऊ? तिच्या मागे बाकीच्या बसल्या. हे पुष्कळ वर्षं चाललं. बाबांच्या कितीतरी पत्रकांखाली तिचा अंगठा आहे. शेवटी शेड झाली. त्या बाईला आख्खा बाजार मावशी म्हणतो, म्हणून मीही मावशीच म्हणते.

मागच्या दिवाळीनंतर शेडच्या दुरुस्तीचं ठरलं. नव्या फरशा, नवे ओटे, आणि दर्शनी भिंतीवर बाजार समितीच्या पहिल्या अध्यक्षांचा, म्हणजे आताच्या अध्यक्षांच्या दिवंगत वडिलांचा, मोठा फोटो. बायकांच्या सभेत मी बाबांच्या वतीने पत्रकं वाटायला गेले होते. एका बाईने उठून सांगितलं की शेजारी मावशीचा पण लावा, चाकाखाली पाय तिने घातले होते. सगळ्या जणी हो हो म्हणाल्या. अध्यक्ष म्हणजे शांत माणूस, दोन बोटींचे मालक, आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "मावशी जिवंत आहे. जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावतात का कुठे? भिंतीला लागला की हार आला. तुम्हाला मावशी नकोशी झाली का?"

दोघीतिघींनी मान डोलावली. कारण हे अध्यक्षांनी काढलेलं खूळ नव्हे. आमच्याकडे घरोघरी असंच आहे. लग्नाचे फोटो अल्बममध्ये, पोरांचे मोबाइलमध्ये, आणि भिंतीवर फ्रेममध्ये फक्त गेलेली माणसं. मावशी स्वतःच हसून म्हणाली की मी मेल्यावर लावा, अबोलीच्या फुलांचा वळेसर घाला. सभा हसली आणि विषय मिटला.

बाहेर पडताना मी तिच्याबरोबर चालत होते. तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. नारळीपौर्णिमेला नवा हंगाम सुरू झाला की ती आपली जागा सुनेला देणार होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं. ती पायरीवर गुडघा धरून थांबली. मग म्हणाली, "मेल्यावर लावतील गो. पन तवा मी बगायला येनार हाय काय?"

मला एवढंच पुरलं. मी तशीच मागे वळले आणि अध्यक्षांना गाठून सांगितलं की फोटो चालत नसेल तर मी चित्र काढते, रंगाचं, आणि ती आपली जागा सोडायच्या आत लावायचं. ते म्हणाले की फोटो काय आणि चित्र काय, भिंतीला लागलं की तेच. तरी मी हट्ट सोडला नाही तेव्हा म्हणाले, काढून आण, मग बघू. 'मग बघू' या दोन शब्दांवर आमच्या घराने आजवर बरीच आंदोलनं केलेली आहेत.

चित्र मी एका दुपारीत काढलं. बॅनरच्या कापडावर, बॅनरच्या रंगात. लाल पार्श्वभूमी, वळलेली मूठ. दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन मावशीपुढे धरलं. तिने हात फडक्याला पुसले आणि बराच वेळ बघितलं.

"ही कोण गो? पोलीस हाय काय?"

शेजारची म्हणाली, "पोलीस नाय, नमनातला संकासूर हाय. जीभ तेवडी ऱ्हायली."

संकासूर म्हणजे आमच्या कोकणातल्या नमनाच्या खेळातलं काळ्या कपड्यांचं, लांब लाल जिभेचं सोंग. मी चित्र गुंडाळलं आणि तडक सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या हायस्कुलातले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त होऊन शहराच्या वरच्या अंगाला चिऱ्याच्या घरात एकटे राहतात आणि तैलरंगात व्यक्तिचित्रं काढतात. लोक त्यांच्याकडे गेलेल्या वडिलांचा रेशनकार्डावरचा फोटो घेऊन येतात. त्यांनी माझं कापड उलगडून टेबलावर पसरलं आणि एकच विचारलं, मावशी कोयती कुठल्या हातात धरते? मी म्हटलं, उजव्या, आणखी कुठल्या. ते म्हणाले, जाऊन बघून ये.

मावशी डावखुरी आहे. जन्मापासून मी तिच्याकडचे मासे खाल्लेत, आणि मूठ मात्र उजव्या हाताची काढली होती.

दुसऱ्या खेपेला सरांनी सांगितलं की आधी नक्कल कर. जुन्या युरोपातल्या एखाद्या उस्तादाचं एक चित्र घे आणि ते हाताखालून पूर्ण जाऊ दे. मावशी त्यानंतर. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना चांगलंच सुनावलं. नक्कल म्हणजे गुलामी, दरबारी चित्रकारांनी धनदांडग्यांची चापलुसी केली, आमच्या मासेवालीसाठी मी त्यांच्या पायाशी का बसू, असं बरंच काही. सर ब्रश धूत होते. माझं संपल्यावर त्यांनी ब्रश फडक्याला टिपला.

"झालं भाषण? आता ह्यातलं एक निवड आणि चौकटी आखायला घे."

समोर मोठ्या छापील चित्रांचं पुस्तक होतं. हातमोजा धरलेला सरदार, मोत्यांची सरदारणी, लाल झग्यातला धर्मगुरू. सगळे जणू कुणीतरी येऊन आपली खुर्ची सरकवील अशी वाट बघत बसलेले. मी पानं रागारागाने उलटत होते. आणि मग हा आला. शिंपी. त्या आख्ख्या पुस्तकात काम करत असलेला हा एकटाच. मी पान दाबून धरलं. सर म्हणाले, अवघड आहे, हात आहेत त्यात. मी म्हटलं, हाच.

मला वाटलं होतं नक्कल म्हणजे वरून बघायचं आणि खाली उतरवायचं. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब काढून स्वतःच्या खिशात घातली. माझा चेहरा उतरला असणार, कारण त्यांनी पुस्तकातल्या चित्रावर भिंग धरून मला विचारलं, शिंप्याच्या गालाभोवती काळी रेषा कुठे आहे ते दाखव. मी शोधली. खरंच शोधली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. नव्हती. गाल संपतो तिथे मागची राखाडी भिंत सुरू होते, इतकंच. कुठे गाल भिंतीहून उजळ, कुठे भिंत गालाहून उजळ, आणि कानाखाली तर दोन्ही इतके सारखे की कुठलं काय ते कळू नये. माझा सगळा जन्म रेषेत गेला होता. पत्रकाला रेष लागते. आपण इकडे, ते तिकडे, मध्ये जाड काळी रेष. ती मी आजही ओढते आणि ओढत राहीन. पण माणसाच्या तोंडावर तशी रेष नसते, हे मला त्या शिंप्याने शिकवलं आणि त्यासाठी त्याला एक अक्षर बोलावं लागलं नाही.

कॅनव्हासला आधी पातळ तपकिरी रंग फासायचा, ओल्या जांभ्या दगडासारखा. त्यावर चौकटी, चौकटींवरून आकृती. मग फक्त तपकिरीत सावल्या, म्हणजे चित्र जणू चिखलाचं करून घ्यायचं. ते सुकलं की वर कातडीचा रंग. मी पहिल्यांदा कातडीला गुलाबी लावला तर शिंपी बाहुलीसारखा दिसायला लागला. सरांनी पिवळ्या मातीचा रंग, पांढरा आणि थोडासा लाल मिसळून दाखवला, आणि जिथे उजेड सावलीत शिरतो तिथे चक्क हिरवट राखाडी लावायला सांगितलं. हिरवं तोंड? मी लावलं आणि चार पावलं मागे गेले, तर गालाला गोलाई आली होती. मी हातातला ब्रश उंच धरून ओरडले. सर म्हणाले, अजून नाक राहिलंय.

पुढे कॅनव्हास मी घरी आणला, कारण सरांकडे रोज जाणं जमेना. घरभर जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. बाबा कुरकुरले की पत्रकं वाटताना लोक विचारतात, घराला रंग काढलात का. आपल्या समुद्रकाठच्या हवेत तैलरंग सुकता सुकत नाही, म्हणून मी टेबलफॅन लावून ठेवायचे. एका सकाळी बघते तर फॅनच्या वाऱ्याने पलंगाखालचं एक पत्रक उडून शिंप्याच्या बाहीला चिकटलेलं. सोलून काढलं तर बाहीवर उलट्या अक्षरांत 'जाहीर'. बाबा पोट धरून हसले. म्हणाले, एवढं तरी राहू दे, माणूस आपला वाटेल. मी बाही खरवडली आणि परत काढली. दुसऱ्यांदा ती पहिलीपेक्षा बरी झाली, कारण आता कापडाची चुणी कोपरात का पडते ते मला ठाऊक होतं.

तोंड आणि छाती पुरी झाली तेव्हा हात अजून नुसते तपकिरी डाग होते. हातांना मी घाबरत होते, म्हणून ते शेवटी ठेवले होते. त्याच सुमारास शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. काकू मूळच्या लांज्याच्या, मोठ्या प्रेमळ. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या थबकल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि हळू आवाजात बाबांना विचारलं, "तुमचे वडील का? कधी गेले?"

बाबांनी गंभीर तोंडाने सांगितलं, "झाली बरीच वर्षं. परदेशात असायचे."

संध्याकाळी काकूंनी जास्वंदीचं फूल पाठवलं. बाबांनी ते फ्रेमच्या कोपऱ्यात खोचलं आणि मला डोळा मारला. पण मला हसू येईना. म्हणजे अध्यक्षांचं खरं होतं. फोटो काय नि चित्र काय, फ्रेममध्ये तोंड दिसलं की माणूस गेला. इतक्या महिन्यांची मेहनत करून मी मावशीला हारच घालायला निघाले होते. मी सरांकडे जाऊन सांगितलं की आपण हरलो. त्यांनी सगळं ऐकलं, काकूंच्या 'कधी गेले'वर खुदकन हसले आणि म्हणाले की अर्धं टाकलेलं चित्र मी पाहत नसतो, आधी हात पुरे कर.

मी हात केले. नखांच्या कडा, सांध्यांवरचा लालसरपणा, कापड दाबून धरणारी बोटं, कात्रीच्या मुठीत अडकलेला अंगठा. किती वेळा पुसले ते सांगत नाही. एका हाताची बोटं काही केल्या कापडावर टेकेनात, वर तरंगतच राहायची. शेवटी मी बाबांना टेबलाशी उभं केलं आणि गॅरेजातल्या त्यांच्या कात्रीने जुनी सतरंजी कापायला लावली. बाबा म्हणाले, उभं राहून पाय दुखतात, ह्या शिंप्याने संप का केला नाही? पण बोटं टेकली. कात्रीच्या पात्यावर पांढऱ्याचा एक बारीक फटकारा दिला आणि ती धारदार झाली.

काकू परत आल्या. या वेळी रिकामी वाटी द्यायला. चित्र त्याच जागी होतं. त्यांनी बघितलं, जवळ गेल्या आणि मला म्हणाल्या, "हे ब्लाउज पण शिवतात काय गो?"

वाचणाऱ्याला यात काय एवढं वाटेल ते वाटो, मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं. त्याच काकू, तेच तोंड, तीच भिंत. मी चप्पल घालून थेट बाजार समितीच्या खोलीत गेले आणि तिथले फोटो एकेक करून बघितले. सगळे छातीशी कापलेले. मग घरोघरच्या तसबिरी आठवल्या, काकूंकडच्या, सरांनी काढलेल्या, आजोळी टांगलेली माझ्या आजोबांचीसुद्धा. कुणालाही हात नाहीत. आपण गेलेल्या माणसाचे हात काढून घेतो आणि तोंड तेवढं ठेवतो, म्हणून हार घालायला मोकळी जागा मिळते. हात दिलेत, हातात कात्री दिलीत, की तो माणूस कामात आहे. कामात असलेल्या माणसाच्या गळ्यात हार कोण घालतं?

मावशीला मी घरी बोलावून शिंपी दाखवला. ती खुर्चीवर बसली आणि त्याने तिच्याकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, कापड कुणाचं कापतोय? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, कापतोय मात्र मन लावून. मी तिला काकूंची गोष्ट सांगितली आणि माझा बेत सांगितला. ती तयार झाली, पण अटींवर. घरात नटूनथटून बसणार नाही. धंद्याच्या वेळेत, धंद्याच्या जागी. "आनि माजा तोंड नुसता काढू नको. सुरमय पन काढ. नायतर लोकांना वाटल, ही बाय बसून खाते."

मग मी चैत्र-वैशाखात रोज सकाळी बाजारात. स्टूल, लहान फळी, रंगांचे चार ठिपके. तिथे आधी नुसतं टिपण करायचे, तोंड वेगळं, हात वेगळे, आणि दुपारी घरी मोठ्या कॅनव्हासवर घ्यायचे. बाजाराला मी फुकटची करमणूक झाले. गिऱ्हाइकं माशाचा भाव विचारून वर माझ्या चित्राचाही विचारत. एक बाई रोज येऊन सांगायची की मावशीला जरा गोरी कर. मावशी म्हणायची, "गोरी करशील तर बर्फातली वाटन, शिळी म्हनतील." तिचं तोंड शिंप्याच्या तोंडासारखं नव्हतंच. त्याची सावली राखाडी होती, हिची जांभळट. ओल्या फरशीवरून उजेड वर उसळायचा आणि हनुवटीच्या खालची बाजू गालापेक्षा उजळ दिसायची. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण ते बघायचं कसं हे मी पुस्तकातल्या माणसाकडून शिकले होते. डाव्या हातात कोयती, उजव्या पंजाखाली सुरमई, आणि नजर वर. भाव सांगून झालाय, गिऱ्हाईक घासाघीस करणार आहे, आणि ही एक पैसा कमी करणार नाही.

चित्र पुरं झालं तेव्हा सर घरी आले.  त्यांनी खिशातून काळ्या रंगाची ती ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, आता तुझ्याकडे असू दे.

मासेमारी बंदीच्या महिन्यांत शेडचं काम उरकलं. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ देऊन सगळे बाजारात जमले. दर्शनी भिंतीवर पहिल्या अध्यक्षांचा फोटो लागलेला, शेजारी रिकामी जागा. बाबांनी आणि मी कॅनव्हास टेम्पोतून आणला होता, चादरीत गुंडाळून. अध्यक्ष चंदनाचे दोन हार घेऊन उभे होते. एक वडिलांसाठी. दुसरा कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायका ओट्यांपाशी उभ्या. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या मागे.

आम्ही चादर काढली.

अध्यक्ष पुढे आले. त्यांनी दुसरा हार दोन्ही हातांत धरला आणि चित्रापुढे उभे राहिले. चित्रातल्या तोंडापाशी हात नेला, खाली घेतला. हार लोंबला असता तो थेट कोयतीच्या पात्यावर आणि सुरमईच्या अंगावर. चित्रातली मावशी त्यांच्याकडे बघत होती, घेणार असशील तर बोल.  

मागून खरी मावशी म्हणाली, "बाजूला हो रे बाबा, गिऱ्हाईक खोळंबलाय."

जो हशा उठला तो मी विसरणार नाही. अध्यक्षही हसले, अगदी मनापासून. त्यांनी हार खिशात घातला आणि स्वतः शिडी मागवली. चित्र त्यांनी आपल्या हाताने टांगलं, वडिलांच्या शेजारी, त्याच उंचीवर. मावशी गर्दीतून पुढे आली. चित्राच्या अगदी जवळ गेली, मग चार पावलं मागे, मी जायचे तशी. तिने पदर खोचला.

"ही माजीच जागा. हितं दुसरी कोन बसली तर मी उटवीन तिला."

आणि मग ती ओट्यावर बसली आणि सुनेला बोलावून शेजारी बसवून घेतलं. हंगामाची पहिली पाटी तिनेच उघडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी घोषणा दिली, ती घोषणा बाबांचीच होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घोषणेच्या वेळी गप्प राहून नुसती बघत होते. जिंकलो होतो आम्ही. एक जिवंत बाई, कामाच्या कपड्यांत नसली तरी कामाच्या जागी, स्वतःच्या चित्राखाली बसून मासे विकत होती.

गर्दी पांगल्यावर अध्यक्ष माझ्यापाशी आले. त्यांनी वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवलं. मग म्हणाले की माझ्या वडिलांचंही असं काढ, हातांसकट. वल्हं मारून मारून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते, ते दिसले पाहिजेत. मी म्हटलं, काढते, आनंदाने काढते. घट्टे कुठे होते, बोटं लांब होती की आखूड, वल्हं कसं धरायचे? त्यांनी स्वतःचे हात पुढे केले, वल्हं धरल्यासारखे वळवले, आणि थांबले. त्यांना आठवेना. घरातल्या कुणालाच आठवेना. फोटो होता, पण तो छातीशी कापलेला.

ते चित्र मी काढू शकले नाही. सरांनाही विचारलं. ते म्हणाले, तोंड कसंही उतरवता येतं, हात कल्पनेने काढले तर ते आपले होतात, त्याचे राहत नाहीत.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. घरात रोज कुणी भाकरी थापत असेल, जाळं विणत असेल, कलमं बांधत असेल, गाडी चालवत असेल, मशीनवर बसत असेल, तर आज त्या माणसासमोर बसा. चित्र येत असेल तर चित्र काढा, येत नसेल तर मोबाइल काढा. त्याला काम थांबवायला सांगू नका, हसायला सांगू नका, आणि चौकट छातीशी कापू नका. हात घ्या, हातातलं हत्यार घ्या. आणि ते आजच भिंतीवर लावा, तो माणूस घरात असताना, म्हणजे येता-जाता त्यालाही दिसेल.